मेल सर्व्हरचा बॅकअप आणि त्याची बातमी: एका शिक्षणसंस्थेचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मुख्यालय असलेली ही शिक्षणसंस्था. शाळा, एक कनिष्ठ आणि एक वरिष्ठ महाविद्यालय, आणि या सगळ्यांची मिळून सव्वादोनशेच्या आसपास ईमेल खाती. मेल सर्व्हर संस्थेच्याच कार्यालयात आहे. डेबियन लिनक्सवर मेल आणायचं-न्यायचं काम पोस्टफिक्स करतं, लोकांना मेलबॉक्स दाखवायचं काम डव्हकॉट करतं, आणि खाती, पासवर्ड, एलियास (एका पत्त्यावरची मेल दुसऱ्या खात्याकडे वळवणारी नावं) हे सगळं मारियाडीबीच्या एका लहानशा डेटाबेसमध्ये असतं. मेलचा साठा पावणेतीनशे जीबी. मेलडिर पद्धतीने साठवण असल्यामुळे प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल, म्हणजे वीस लाखांच्या वर फायली.

संस्थेच्या एका शिक्षकाच्या सेवाज्येष्ठतेचं प्रकरण शाळा न्यायाधिकरणात चालू होतं. वकिलांनी काही वर्षांपूर्वीचा पत्रव्यवहार मागितला. कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी आपल्या खात्यातला त्या विषयाचा फोल्डर शोधला, तर तो नव्हताच. आयमॅप पद्धतीत मेल सर्व्हरवरच असते, म्हणून एका कॉम्प्युटरवरून पुसलेलं सगळीकडून जातं, त्यामुळे मोबाइलवरही नाही आणि घरच्या लॅपटॉपवरही नाही. सर्व्हरमध्ये दोन डिस्क एकमेकींच्या प्रती ठेवत होत्या, पण रेडचा, म्हणजे अशा जोडीचा, उपयोग डिस्क बिघडली तर. पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते.

“सर, बॅकअप तर रोज होतोय ना? डिस्कवरचा दिवा रोज लागलेला असतो,” भाऊसाहेब मला, म्हणजे सर्व्हरचं काम बघणाऱ्या बाहेरच्या माणसाला, म्हणाले. एक्स्टर्नल डिस्क सर्व्हरला जोडलेली होती, रात्री एक स्क्रिप्ट चालत होती, आणि दिवा खरंच लागलेला असायचा.

काय सापडलं

डिस्कवरच्या डेटाबेसच्या फोल्डरची यादी टर्मिनलवर मागवली. रोजच्या तारखेची एकेक फाइल ओळीने होती, एकही दिवस गाळलेला नाही. आकाराच्या रकान्यात मात्र गेल्या कित्येक महिन्यांच्या प्रत्येक फाइलपुढे एकच आकडा होता: २०. वीस केबी नव्हे, वीस बाइट.

हा आकडा ओळखीचा आहे. जीझिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाला पाइपातून, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या वाटेने, काहीही दिलं नाही तरी ते बरोबर २० बाइटांची, नियमाप्रमाणे अगदी वैध फाइल तयार करतं: दहा बाइटांचं शीर्ष, दोन बाइटांचा रिकामा मजकूर आणि पडताळणीची बेरीज व लांबी सांगणारे आठ बाइट. मधल्या काळात डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला होता. मायएसक्यूएलडंप, म्हणजे डेटाबेसची प्रत (डंप) काढणारं साधन, लॉगिनलाच अडायचं. पण स्क्रिप्टमध्ये त्याचं आउटपुट पाइप करून जीझिपला दिलेलं होतं, आणि पाइप असला की शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, फक्त शेवटच्या कमांडचा निकाल लक्षात घेतं. जीझिपचं काम बिनचूक झालेलं, म्हणून स्क्रिप्टच्या हिशेबी सगळं ठीक. फाइल तयार व्हायची, तारीख पडायची, यादी वाढायची.

मेलच्या फायलींची गोष्ट वेगळी. त्यांची प्रत नीट होत होती, पण ती आरसिंक या फायलींची प्रत घेणाऱ्या कमांडने ‘डिलीट’ हा पर्याय लावून केलेली होती. मूळ जागी जे नाही ते प्रतीतूनही काढायचं, असा त्याचा अर्थ. भाऊसाहेबांचा फोल्डर ज्या दिवशी पुसला गेला त्याच रात्री तो डिस्कवरूनही पुसला गेला. ही ताज्या स्थितीची प्रत होती, तिला मागचा काळच नव्हता. मेलसारख्या गोष्टीत काही हरवल्याचं महिन्यांनी, कधी वर्षांनी कळतं, तिथे अशा प्रतीचा उपयोग फक्त डिस्क जळाली तर.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत गंभीर वाटते. क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारं साधन, आपल्या कामातून निघालेलं आउटपुट मेलने पाठवतं आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर क्रॉनटॅबच्या (त्या कामांच्या यादीच्या) मालकाला, इथे रूट या मुख्य वापरकर्त्याला, पाठवतं. रूटची मेल एलियासच्या फाइलमधून एका खात्याकडे वळवलेली होती, आणि ते खातं संस्था सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याचं होतं. ‘प्रवेश नाकारला’ ही डेटाबेसची ओळ रोज रात्री निघत होती आणि रोज त्या बंद खोलीत जाऊन पडत होती. खातं उघडल्यावर त्या सगळ्या मेल न वाचलेल्या स्थितीत एकाखाली एक दिसल्या. यंत्राने एकही दिवस माहिती लपवली नव्हती.

असं फक्त लहान संस्थांमध्येच होतं असं नाही. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी काढायची कमांड दिली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंप रिकामाच: सर्व्हरवर पोस्टग्रेस या डेटाबेसची ९.६ आवृत्ती होती आणि डंप घेणारं साधन ९.२ चं चालत होतं, म्हणून ते दर वेळी एरर देऊन बंद पडायचं. त्या एररच्या मेलही निघत होत्या, पण डीमार्कच्या, म्हणजे मेल खरंच त्याच डोमेनवरून आली का याच्या, तपासणीत त्या नाकारल्या जात होत्या, कुणालाच पोचत नव्हत्या. शेवटी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची एका क्षणाला गोठवलेली स्थिती, कामी आला. कंपनीने ही सगळी हकिगत स्वतः खुलेपणाने मांडली, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी असं मी आग्रहाने सांगतो. आपल्या संस्थेच्या प्रकरणात आणि त्या प्रकरणात दुवा एकच: बिघाडाची बातमी मेलच्या वाटेवर ठेवली होती.

भाऊसाहेबांचा बराचसा पत्रव्यवहार पुढे, ज्यांना प्रत पाठवलेली होती त्यांच्या खात्यांतून गोळा झाला. सगळा नाही. त्यानंतर व्यवस्था नव्याने उभी करायचं काम हाती घेतलं.

कशाकशाची प्रत हवी

मेलच्या फायली म्हणजेच मेल सर्व्हर, असं धरून लोक चालतात. त्याने रिस्टोरच्या दिवशी अडचण होते. डेटाबेस हवा, कारण तो नसेल तर कोणतं खातं कुणाचं हेच कळत नाही. पोस्टफिक्स आणि डव्हकॉटच्या सेटिंगच्या फायली हव्यात. लोकांनी लावलेल्या चाळण्या, म्हणजे सीव्हच्या स्क्रिप्ट हव्यात. डीकेआयएमची, म्हणजे आपल्या मेलवर डिजिटल सही करणारी, खासगी किल्ली हवी. ती हरवली तर नवी बनवून डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नावांच्या यादीत) नवी नोंद करावी लागते, आणि ते होईपर्यंत आपल्या मेल लोकांच्या स्पॅममध्ये पडू शकतात. मेलडिरमधली डव्हकॉटची यूआयडी-यादी ही एक लहानशी फाइल तर हवीच हवी. प्रत्येक मेलला दिलेला क्रमांक तिच्यात असतो. ती नसेल तर डव्हकॉट नवे क्रमांक देतं, सगळ्यांचे कॉम्प्युटर सगळी मेल नव्याने उतरवू लागतात, आणि पॉपवर (मेल आपल्या मशीनवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत) असलेल्या जुन्या प्राचार्यांच्या आउटलुकमध्ये प्रत्येक मेल दोनदा दिसायला लागते.

मेलच्या नोंदींची (लॉगची) फाइलही घेतली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात, आणि डेबियनची नेहमीची मांडणी त्या चारच आठवडे ठेवते. ती मुदत वाढवली आणि प्रतही ठेवली.

पोस्टफिक्सच्या रांगेचा प्रश्न आला, म्हणजे पाठवायच्या राहिलेल्या मेलचा. ती बॅकअपमध्ये घ्यायची नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती रांग परत आणली तर आधीच पोचलेल्या मेल पुन्हा जातात. मशीन शिस्तीत बदलायचं असेल तर रांग हलवता येते, पण पोस्टफिक्स रांगेतल्या फाइलचं नाव आयनोड क्रमांकावरून, म्हणजे डिस्कवरच्या त्या फाइलच्या अंतर्गत क्रमांकावरून, ठेवतं, म्हणून नव्या डिस्कवर पोस्टसुपर या त्याच्याच कमांडकडून ती नावं दुरुस्त करून घ्यावी लागतात. तो स्थलांतराचा भाग झाला.

हलत्या फायलींची प्रत

मेलडिरची रचना डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेलसाठी केली. तिचा मोठा गुण असा की प्रत्येक मेलची फाइल एकदा लिहिली की आतून बदलत नाही. बदलतं ते तिचं नाव. मेल आली की ‘न्यू’ या फोल्डरमध्ये असते, मेलबॉक्स उघडला की ‘कर’मध्ये सरकते, आणि वाचली की नावाच्या शेवटी एस हे अक्षर लागतं, उत्तर दिलं की आर लागतं. म्हणजे प्रत घेणाऱ्या कमांडने यादी बनवली आणि फाइल उचलायला गेली, तोवर कुणीतरी मोबाइलवर ती मेल वाचली असेल, तर त्या नावाची फाइल तिथे नसते. आरसिंक अशा वेळी ‘फाइल गायब झाली’ म्हणून निकालात २४ हा क्रमांक देतं. रात्री अडीच वाजताही हे होतं, कारण मोबाइल झोपत नाहीत.

बरेच जण २४ ला माफी देणारी ओळ स्क्रिप्टमध्ये घालतात. तसं केल्याने बहुतेक वेळा बिघडत नाही. पण ज्या फाइलचं नाव बदललं ती त्या रात्री जुन्या नावानेही आली नाही आणि नव्या नावानेही आली नाही, असं होऊ शकतं. आणि एकदा निकालातल्या एखाद्या क्रमांकाकडे दुर्लक्ष करायची सवय लागली की दुसऱ्याकडेही होतं.

डव्हकॉटचं स्वतःचं साधन आहे, डव्हअ‍ॅडम बॅकअप. ते मेलबॉक्सची भाषा समजतं, क्रमांक आणि खुणा नीट सांभाळतं, आणि डव्हकॉटच्या एमडीबॉक्स साठवणीसाठी तर मी त्याचीच शिफारस करेन. तिथे खुणा फक्त इंडेक्समध्ये असतात आणि फायली नुसत्या उचलून चालत नाही. पण तेही लक्ष्याच्या जागी मूळ जागेची हुबेहूब नक्कल करतं. मागचा काळ त्यातही नाही. शिवाय आपल्याला डेटाबेस आणि सेटिंगही त्याच क्षणाचे हवे होते.

म्हणून एलव्हीएमचा स्नॅपशॉट घेतला. मेल ज्या व्हॉल्यूमवर आहे त्याची एका क्षणापुरती गोठवलेली स्थिती फक्त वाचता येईल अशी वेगळ्या जागी माउंट करायची (जोडायची), प्रत तिच्यावरून घ्यायची, काम झालं की स्नॅपशॉट काढून टाकायचा. मेल येत-जात राहते, लोकांना काही कळत नाही. यात जपायची गोष्ट एकच. स्नॅपशॉटला दिलेली राखीव जागा मधल्या बदलांनी भरली तर तो सगळाच्या सगळा निकामी होतो. इथे वीस जीबी दिले, आणि काढण्याआधी त्यातले किती टक्के भरले ते स्क्रिप्ट नोंदवून ठेवते. स्नॅपशॉटवरून प्रत घेताना एकही फाइल हलत नाही, म्हणून कसलीही माफी द्यावी लागत नाही. साधी सूचना आली तरी ती बिघाड म्हणूनच धरता येते. या व्यवस्थेचा मला सगळ्यांत मोठा फायदा तोच वाटतो.

रात्रीचा क्रम

स्क्रिप्ट बॅशमध्ये आहे. तिच्या पहिल्याच ओळीत तीन आज्ञा आहेत: कुठलीही कमांड फसली की थांब, न ठरवलेलं नाव वापरलं की थांब, आणि पाइपातली कुठलीही एक कमांड फसली तर सगळा पाइप फसला असं धर. तिसरी आज्ञा, पाइपफेल, पूर्वीच्या स्क्रिप्टमध्ये असती तर वीस बाइटांच्या फायली पहिल्याच रात्री उघड्या पडल्या असत्या. अर्थात कुणी ती बातमी वाचली असती तर.

त्यानंतर फ्लॉकने कुलूप. आदल्या रात्रीचं काम अजून चालू असेल तर दुसरं सुरूच होत नाही. मग बाहेरची डिस्क खरंच माउंट झालेली आहे का याची माउंटपॉइंट या कमांडने तपासणी. ही एका ओळीची तपासणी आहे, पण ती नसेल तर काय होतं ते सांगतो. यूएसबीची केबल सैल होते, डिस्क दिसत नाही, पण तिच्या नावाची रिकामी डिरेक्टरी मूळ डिस्कवर असतेच. प्रत त्या डिरेक्टरीत लिहिली जाते, मूळ डिस्क भरते, आणि पोस्टफिक्स येणाऱ्या प्रत्येकाला ४५२ देऊन ‘जागा नाही’ सांगायला लागतं. बॅकअपनेच मेल बंद पाडली, असं होतं.

डेटाबेसचा डंप स्नॅपशॉटच्या आधी घेतला जातो आणि मेलच्याच व्हॉल्यूमवर ठेवला जातो, म्हणजे तो स्नॅपशॉटमध्ये आपोआप येतो. मायएसक्यूएलडंपला ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय लावल्यामुळे इनोडीबी प्रकारच्या टेबलांना कुलूप न लावता एकसंध स्थिती मिळते. डंप झाल्यावर दोन प्रश्न विचारले जातात. शेवटच्या ओळीत ‘डंप पूर्ण झाला’ ही त्याची नेहमीची इंग्रजी खूण आहे का? आणि आकार कालच्या नव्वद टक्क्यांपेक्षा कमी तर झालेला नाही ना? दोन्हींपैकी एक जरी चुकलं तरी काम तिथेच फसतं. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहिलेला नाही. तो फक्त रूटला वाचता येईल अशा वेगळ्या फाइलमध्ये आहे आणि डंपसाठी वेगळा, फक्त वाचायचे अधिकार असलेला वापरकर्ता केला आहे. कुणी मुख्य पासवर्ड बदलला तर बॅकअपला धक्का लागत नाही.

वेळ लावायला क्रॉन घ्यायचं की सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेचा टायमर, यावर दोन मतं असू शकतात. क्रॉन साधं आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या दोन गोष्टी नवशिक्यांना फार छळतात. एक, क्रॉनमध्ये पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या जागांची यादी, अगदी तोकडा असतो, त्यामुळे टर्मिनलवर चालणारी कमांड रात्री ‘सापडत नाही’. दुसरी, क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की क्रॉन तिथे ओळ तोडतं. तारखेचं फाइलनाव बनवायला टक्का लागतोच, आणि तो उलटी तिरपी रेघ न घालता लिहिला की कमांड अर्धवटच चालते. तारखेचा हिशेब स्क्रिप्टच्या आत ठेवला की ही अडचण उरत नाही.

इथे टायमर निवडायला कारण वीज. पावसाळ्यात रात्री वीज जाते, यूपीएस संपत आला की सर्व्हर शिस्तीत बंद होतो, आणि सकाळी शिपाईमामा येऊन चालू करतात. क्रॉनच्या हिशेबी ती रात्र गेली ती गेली. सिस्टमडीच्या टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ हे चालू केलं की हुकलेलं काम मशीन सुरू झाल्यावर केलं जातं. ते दिवसा चालणार म्हणून नाइस आणि आयओनाइस लावून त्याला रांगेत शेवटी बसवलं, नाहीतर प्रवेशाच्या दिवसांत सकाळी अकरा वाजता वेबमेल उघडेना झाला असता.

प्रत कुठे जाते

प्रत घेणारं साधन बोर्ग. तो डेटाचे तुकडे पाडतो आणि एकदा साठवलेला तुकडा पुन्हा साठवत नाही, त्यामुळे रोजची प्रत पूर्ण असूनही जागा फक्त नव्या मेलची लागते. मेलडिरमध्ये नाव बदललेली फाइल त्याला नवी वाटते आणि तो ती पुन्हा वाचतो, पण मजकूर तोच असल्यामुळे साठवत नाही. विद्यापीठाचं एकच परिपत्रक चाळीस जणांच्या खात्यात गेलं तर त्यातला फायदा मात्र अटॅचमेंटच्या आकारावर अवलंबून आहे. बोर्गचा लहानात लहान तुकडा ५१२ किलोबाइटांचा असतो. त्याहून छोट्या मेलमध्ये पत्ता आणि शीर्ष प्रत्येकाचं वेगळं, म्हणून तुकडाही वेगळा. मोठ्या स्कॅन केलेल्या परिपत्रकांवर जागा चांगली वाचते. स्नॅपशॉट रोज त्याच एका जागी माउंट करणं इथे आवश्यक आहे. ती जागा बदलली की बोर्गला वीस लाख फायली पहिल्यापासून वाचाव्या लागतात.

एक साठा सर्व्हरजवळच्या डिस्कवर, दुसरा तीस किलोमीटरवरच्या महाविद्यालयातल्या छोट्या मशीनवर. एक साठा दुसरीकडे नुसता कॉपी केला तर पहिल्यातला बिघाडही कॉपी होतो, म्हणून बोर्ग दोन्हीकडे स्वतंत्रपणे चालतो. पहिली मोठी प्रत इंटरनेटवरून पाठवायची म्हटलं तर २० एमबीपीएसच्या लाइनवर तीस तास लागले असते आणि तेवढा वेळ संस्थेचं इंटरनेट रडतखडत चाललं असतं. ती डिस्कवर भरून एसटीने नेली. त्यानंतर रोजचं जातं ते काही शे एमबी.

महाविद्यालयातल्या मशीनवर मेल सर्व्हरच्या एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) किल्लीला एकच कमांड चालवायची परवानगी आहे, बोर्ग सर्व्ह, आणि तीही ‘अपेंड ओन्ली’ या बंधनासह. भर घालता येते, पुसता येत नाही. हे का लागतं ते व्हीएफईमेलच्या प्रकरणात दिसलं. २००१ पासून चालणारी ही अमेरिकेतली ईमेल सेवा. फेब्रुवारी २०१९ मध्ये कुणीतरी आत शिरून तिचे सर्व्हर फॉरमॅट केले आणि बॅकअपचा सर्व्हरही फॉरमॅट केला. खंडणी मागितली नाही. अमेरिकेतल्या वापरकर्त्यांची जवळपास दोन दशकांची मेल गेली. सर्व्हरवर ताबा मिळवणाऱ्याला बॅकअपही पुसता येत असेल, तर तो बॅकअप सर्व्हरच्याच नशिबाशी बांधलेला असतो.

या बंधनात एक बारकावा आहे. ‘अपेंड ओन्ली’ असतानाही घुसखोराने दिलेली पुसायची आज्ञा नोंदवली जाते; तुकडे मात्र जागेवर राहतात. पुढे आपण स्वतः, बंधन नसलेल्या वाटेने, कॉम्पॅक्ट ही जागा मोकळी करणारी कमांड चालवली की ती आज्ञा खरी होते. म्हणून महाविद्यालयातल्या मशीनवर छाटणी (जुन्या प्रती काढणं) आणि कॉम्पॅक्ट आपोआप चालत नाहीत. महिन्यातून एकदा संगणक विभागातल्या मॅडम आधी प्रतींची यादी काढतात, मागच्या महिन्याच्या यादीशी ताडून पाहतात आणि मगच ते चालवतात. सगळं स्वयंचलित करायचं असं ठरलेल्या कामात ही एक पायरी मी मुद्दाम माणसाच्या हाती ठेवली.

तिसरी प्रत जोडणी तोडलेल्या डिस्कवर. दोन डिस्क आलटून पालटून, महिन्याला एक. फेब्रुवारी २०११ मध्ये साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांचे मेलबॉक्स रिकामे दिसू लागले, तेव्हा गूगलने ते टेपवरून परत आणले. ऑनलाइन असलेल्या एकाहून अधिक प्रतींना तो दोष लागला होता, टेपला लागला नाही.

किती काळ ठेवायचं हे डिस्कच्या आकारावरून ठरवू नये, हरवल्याचं कळायला किती वेळ लागतो त्यावरून ठरवावं. शाळेचं काम जून ते मे चालतं. गेल्या वर्षीच्या प्रवेशाचा पत्रव्यवहार नाही, हे पुढच्या जूनमध्ये कळतं. म्हणून चौदा दिवसांच्या रोजच्या, आठ आठवड्यांच्या साप्ताहिक, अठरा महिन्यांच्या मासिक आणि त्यापुढे वर्षाला एक अशा प्रती ठेवल्या.

सगळे साठे कूटबद्ध आहेत. सांकेतिक वाक्य हरवलं तर बॅकअप आहे आणि नाही सारखंच. बोर्गमध्ये किल्ली कागदावर छापता येईल अशा रूपात काढायची सोय आहे. ती छापून, वाक्यासह, बंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत, जमिनीच्या सातबाऱ्यांच्या फायलीशेजारी ठेवली आहे. पाकिटावर सचिवांची सही.

बातमी कुठून येते

मेलवरून नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. मेल सर्व्हर पडला तर त्याची मेलही पडते. आणि ‘बिघडलं तर कळव’ या पद्धतीत आणखी एक भोक आहे: मशीनच बंद असेल, टायमरच कुणी काढला असेल, तर कळवायला कुणी उरत नाही.

म्हणून रचना उलटी केली. काम संपलं, दोन्ही साठ्यांमध्ये आजच्या तारखेची प्रत यादीत दिसली, तपासण्या पार पडल्या, की स्क्रिप्ट कर्ल या कमांडने बाहेरच्या एका पत्त्यावर ‘झालं’ एवढं सांगते. त्या ठिकाणी हेल्थचेक्स हे मुक्त सॉफ्टवेअर बसवलेलं आहे, संस्थेच्या इमारतीबाहेर, वेगळ्या होस्टिंगवर. ठरलेल्या वेळेत ‘झालं’ आलं नाही की ते तिघांच्या टेलिग्रामवर संदेश टाकतं: मला, मॅडमना आणि भाऊसाहेबांना. काम फसलं तर नोंदीच्या शेवटच्या ओळी त्याच संदेशासोबत येतात. ‘झालं’ ही ओळ स्क्रिप्टच्या अगदी शेवटी आहे, आणि पहिली ओळ फसलं की थांबायला सांगते, त्यामुळे मध्ये काहीही चुकलं तर तिथवर पोचताच येत नाही.

तिसरं नाव भाऊसाहेबांचं ठेवायला मी आग्रह धरला. नोंदी वाचणं त्यांचं काम नाही. पण मी बाहेरचा माणूस, मॅडमची बदली होऊ शकते. कार्यालयात बसणाऱ्या माणसाला ‘काल बॅकअप झाला नाही’ हे कळलं तर तो फोन करतो.

रिस्टोरची तालीम

दर महिन्याला आणखी एक टायमर चालतो. तो चिठ्ठी टाकल्यासारखं कोणतंही एक खातं निवडतो, महाविद्यालयातल्या साठ्यातून त्याची प्रत चाचणीच्या मशीनवर उघडतो, डव्हकॉटला ती वाचायला लावतो, आणि प्रत्येक फोल्डरमधल्या मेलची संख्या प्रत घेताना नोंदवलेल्या संख्येशी ताडून पाहतो. ही संख्या जुळली तरच त्याचं ‘झालं’ जातं. एखाद्याचा फोल्डर परत आणायचा असेल तर तीच वाट: बोर्गमधून वेगळ्या जागी काढायचा, आणि डव्हअ‍ॅडम इम्पोर्टने त्याच्या खात्यात ‘परत आणलेलं’ अशा नावाच्या नव्या फोल्डरखाली घालायचा. चालू फोल्डरला हात लावायचा नाही. त्यानंतर एका शिक्षिकेचा परीक्षेच्या कामाचा फोल्डर असाच परत आला, त्या चहा घेऊन परत येईपर्यंत.

पूर्ण सर्व्हर उभा करायची तालीम दिवाळीच्या सुट्टीत, वेगळ्या मशीनवर, जवळच्या डिस्कवरून केली. पावणेतीनशे जीबी, पण लहान फायली इतक्या की सात-आठ तास गेले. या तालमीत एका गोष्टीचा क्रम कायमचा लिहून ठेवला. नव्या मशीनवर पोस्टफिक्स चालू केलं आणि खात्यांचा डेटाबेस अजून रिकामाच असेल, तर ते येणाऱ्या प्रत्येक मेलला ‘असं खातं नाही’ म्हणून ५५० देतं. तो कायमचा नकार असतो. पाठवणाऱ्याला मेल परत जाते आणि त्याचा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत नाही. तेच पोर्ट २५, म्हणजे मेल आत यायचा दरवाजा, बंद असेल, तर पाठवणारा सर्व्हर मेल आपल्या रांगेत ठेवून थोड्या थोड्या वेळाने प्रयत्न करत राहतो. पोस्टफिक्स नेहमीच्या मांडणीत पाच दिवस करतं, आणि एसएमटीपीचा, म्हणजे मेल पाठवायच्या नियमांचा, मानक दस्तऐवजही निदान चार-पाच दिवसांचीच अपेक्षा ठेवतो. म्हणजे सर्व्हर दिवसभर पूर्ण बंद असला तरी येणारी मेल सहसा बुडत नाही, अर्धवट चालू असला तर बुडते.

आयमॅपचंही तसंच. रिकामा मेलबॉक्स घेऊन डव्हकॉट सुरू झालं तर लोकांचे कॉम्प्युटर आणि मोबाइल त्या रिकामेपणाशी जुळवून घेतात आणि स्वतःजवळची उतरवलेली प्रतही काढून टाकतात. कित्येकदा त्या दिवशीची शेवटची मेल फक्त तिथेच उरलेली असते. म्हणून आधी फायरवॉलवर २५, आयमॅपची १४३ व ९९३ आणि पॉपची पोर्ट बंद; मग सेटिंग, डेटाबेस, डीकेआयएमची किल्ली; मग मेल आणि यूआयडी-याद्या; मग दोन-तीन खाती आतल्या आत उघडून पाहणं; मग आयमॅप आणि सगळ्यांत शेवटी पोर्ट २५. हा क्रम छापून सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, कारण ज्या दिवशी तो लागेल त्या दिवशी मेल उघडून वाचता येणार नाही.

आता दोन कामं बाकी आहेत. जवळची डिस्कही जळाली तर महाविद्यालयातून सगळं लाइनवरून आणायला तीस तास लागतील, म्हणून तिथलं मशीनच उचलून गाडीत घालून आणायचं असं ठरलंय, आणि तेवढ्यासाठी त्याला वेगळं यूपीएस आणि वाहून नेता येईल अशी पेटी हवी आहे. खर्चाला कार्यकारिणीची मंजुरी यायची आहे. दुसरं, वार्षिक प्रतींच्या हॅशची, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या मूल्याची, नोंदवही. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचं हॅशमूल्य द्यावं लागतं. न्यायाधिकरणात पुन्हा मेल सादर करायची वेळ आली तर ते मूल्य त्या वेळी काढण्याऐवजी प्रत घेतली त्याच रात्री काढून ठेवलेलं बरं. त्याची स्क्रिप्ट लिहून झाली आहे. वकिलांना विचारून नमुना पक्का झाला की तिलाही टायमर लागेल.